‘बिग रॉक कँडी माउंटन’ हे बालगीत नव्हे

सिगारेटची झाडं, उकडलेली अंडी देणाऱ्या कोंबड्या, लाकडी पायांचे पोलीस. खडीसाखरेच्या डोंगरावरच्या अशा काल्पनिक मुलखाचं हे अमेरिकन गाणं बालगीत म्हणून खपतं, आणि मालगाड्यांतून चोरून फिरणाऱ्या ‘होबों’च्या मौजेचा पुरावा म्हणूनही. दोन्ही समजुती चुकीच्या.

हॅरी मॅक्लिंटॉकने ते १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. तो स्वतः पोरवयात असाच भटकलेला. त्याच्या म्हणण्यानुसार गाण्यातला मुरलेला भटक्या खेड्यातल्या पोराला असल्या थापा मारून पळवून नेतो. शेवटी पाय सोललेलं पोर भडकतं: एवढं चाललो, कुठंय ती खडीसाखर? या शेवटच्या कडव्यात मुलाच्या लैंगिक शोषणाचा उघड उल्लेख होता. रेकॉर्डवर अर्थातच तो आला नाही. सिगारेटच्या झाडांना पेपरमिंट लागलं ते त्याहून नंतर, खास मुलांसाठी.

आणि मौज? यादी उलटी वाचा. तिथे बर्फ पडत नाही, तुरुंग पत्र्याचे, कुत्र्यांचे दात रबरी. थंडी, कोठडी आणि चावरी कुत्री रोज भेटणाऱ्यालाच हे सुचणार. होबोंतले कितीतरी जण गव्हाच्या कापणीमागे, लाकूडतोडीमागे फिरणारे हंगामी मजूर होते. गाण्यातल्या डोंगरावर कामाचा शोध लावणाऱ्याला म्हणे फासावर लटकवलंय. ही ओळ मला तरी राबून पिचलेल्याची वाटते.