आतूनही जांभळा

जांभळ्या सालीचा बटाटा म्हटलं की ‘कुफरी नीलकंठ’ आठवतो. पण त्याचा रंग सालीपुरताच, आत गर पिवळसर. ‘कुफरी जामुनिया’ मात्र कापला की गाभ्यापर्यंत पिकल्या जांभळासारखा दिसतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं हे वाण. संस्थेच्या वाणांच्या नावात ‘कुफरी’ येतं, ते सिमल्याजवळच्या कुफरी या थंड ठिकाणावरून. उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत तिथे बटाट्याला भरपूर फुलं येतात, त्यामुळे संकर करता येतो. मैदानात, हिवाळ्याच्या लहान दिवसांत फुलं फारशी येतच नाहीत.

हा रंग अँथोसायनिनचा. वांग्याच्या सालीत आणि जांभळातही हाच रंगद्रव्यांचा गट असतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून सोलून, फोडी करून उकडलात तर पातेल्यातलं पाणी निळंजांभळं होतं आणि भाजी फिकी. सालीसकट अख्खा उकडा किंवा वाफवा. लिंबू पिळलंत तर रंग लालसर होतो, खायचा सोडा पडला तर निळा-हिरवा. माझ्या मते मुलांना आम्ल आणि अल्कली समजावायला याहून सोपा प्रयोग नाही!

हे पीक साधारण ९० ते १०० दिवसांत तयार होतं. लागवड नेहमीच्या बटाट्यासारखीच: मोड आलेलं निरोगी बेणं, भुसभुशीत जमीन, दोन सऱ्यांत ६० आणि दोन बेण्यांत २० सेंटिमीटर अंतर. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली असलं की कंद चांगले धरतात, म्हणून मैदानात हे रब्बीचं पीक. वाढीच्या काळात झाडांच्या बुंध्याशी मातीची भर द्यायला आळस नको. ढगाळ, दमट हवेत करपा रोगावर नजर ठेवावी. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडून पाला कापला की साल घट्ट होते आणि पोत्यात सोलवटत नाही.

मातीची भर का महत्त्वाची? उजेड लागलेला बटाटा हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. पांढऱ्या बटाट्यावर हिरवेपणा लगेच दिसतो, गडद जांभळ्या सालीवर तो लपतो. म्हणून उघड्या पडलेल्या कंदांवर शेतातच माती ओढावी आणि घरी बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत.