बारकोडमधला न छापलेला आठ

परवा शहापुरातल्या एका दुकानात कुंद्याचा डबा घेतला. काउंटरवरचा पोरगा स्कॅनर डब्यावर अगदी सरळ, काटकोनात धरून खटका दाबत होता. डबा चकचकीत प्लॅस्टिकात गुंडाळलेला. "मशीनच बिघडलंय की ओ काका," म्हणत शेवटी त्यानं आकडे हातानं मारले.

त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तो नेहमीचा मेसेज: ८९० नं सुरू होणारा बारकोड म्हणजे भारतीय माल, ६९० म्हणजे चिनी. साफ चूक. ८९० चा अर्थ इतकाच, की कंपनीनं नंबर 'जीएस१ इंडिया'कडून, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून, घेतलाय. माल कुठं बनला, हे बारकोड सांगतच नाही. आणि गंमत म्हणजे, या ८९० मधला ८ पट्ट्यांत छापलेलाच नसतो!

खाली आकडे १३ दिसतात, पट्ट्यांत असतात १२. सहा डावीकडे, सहा उजवीकडे. प्रत्येक आकड्याला सारख्या रुंदीची ७ घरं, त्यातली काही काळी, काही पांढरी. उजवीकडच्या प्रत्येक आकड्यात काळी घरं सम असतात. डावीकडे मात्र प्रत्येक आकडा दोन तऱ्हांनी लिहिता येतो, विषम किंवा सम काळ्या घरांनी. विषम, सम, विषम, सम, सम, विषम असा क्रम लागला की पहिला आकडा ८. क्रम बदला, तो आकडा बदलतो. डावीकडचं पहिलं स्थान मात्र कायम विषम. त्यामुळे पुडा उलटा धरला तर सुरुवातीलाच सम आकडा येतो आणि यंत्राला कळतं, की आपण उलटीकडून वाचतोय. एवढी हुशारी, कडेच्या आणि मधल्या खुणांसकट, ९५ घरांच्या पट्टीत! शेवटचा आकडा पडताळणीचा. उरलेल्या बारांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणून बेरीज करा, तिला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जेवढे लागतात तेवढा तो. ८९०१२३४५६७८९ ची बेरीज १३०, म्हणून शेवटी ०.

आता स्कॅनर. त्याचा तांबडा प्रकाश काळी पट्टी गिळते, पांढरी परत पाठवते. यंत्र रुंदी नव्हे, रुंद्यांचं प्रमाण मोजतं. म्हणून हात थोडा पुढंमागं झाला तरी चालतं. पण चकचकीत प्लॅस्टिक आरशासारखं वागतं. सरळ धरलात तर सगळा झगझगाट थेट परत येतो आणि काळ्यापांढऱ्यातला फरक बुडतो. म्हणून स्कॅनर जरा तिरका धरायचा, आणि तांबडी रेघ सगळ्या पट्ट्या ओलांडून दोन्ही कडांच्या कोऱ्या जागेपर्यंत न्यायची. पांढऱ्यावर लाल पट्ट्या छापल्या तर तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ दिसतच नाहीत. आणि खंडेनवमीला स्कॅनरची पूजा खुशाल करा, पण कुंकू काचेवर नको!

काल परत गेलो. "जरा तिरका धर बघू," म्हटलं. टीप वाजली.

"चार्जिंग झालं असणार की ओ," पोरगा म्हणाला.