पॅडेल कोर्टचा व्यवसाय : बेळगाव सीमाभाग

पॅडेल हा काचेच्या भिंतींच्या आत चौघांनी खेळायचा रॅकेटचा खेळ. मेक्सिकोतील अकापुल्को येथे एनरिके कोर्कुएरा यांनी १९६९ मध्ये त्याचे पहिले कोर्ट बांधले. १९७४ मध्ये आल्फोन्सो द होहेनलोहे यांनी तो स्पेनमधील मार्बेया येथे नेला आणि तिथून तो पसरला. गुण टेनिससारखे मोजतात, सर्व्हिस कमरेखालून करतात आणि भिंतीवरून परतलेला चेंडूही खेळता येतो, त्यामुळे नवखा माणूस पहिल्याच दिवशी रमतो. कोर्ट घालणाऱ्याला मोह पडतो तो याचाच. पण हा व्यवसाय खेळ विकण्याचा नसून तास विकण्याचा आहे, आणि आजचा रिकामा तास उद्या विकता येत नाही.

कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद असते. २०० चौरस मीटर म्हणजे दोन गुंठ्यांना जेमतेम कमी. भोवतीची वाट, बाक आणि गाड्यांची सोय धरली तर तीन-चार गुंठे लागतात. मोकळ्या पट्ट्यांसह टेनिस कोर्टला साधारण साडेसहा गुंठे जातात, म्हणून महाग जागेत पॅडेल परवडते असे म्हणतात. बेळगावात मात्र जागेच्या भावाइतकीच तिची माती पाहावी लागते. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या भातपट्ट्यातील आणि पूर्वेकडील तालुक्यांतील काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलला की लोखंडी सांगाडा पिळतो आणि त्यात बसवलेली १० किंवा १२ मिलिमीटरची टफन काच तडकण्याचा धोका येतो. काळी माती काढून मुरूम भरणे आणि भोवती आरसीसीचा पट्टा घालणे हा खर्च टाळू नये. तांबड्या जमिनीत, खानापूरच्या बाजूला, हा त्रास कमी. सांगाड्याचे काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनवाल्यांकडून करून घेता येण्यासारखे आहे. गॅल्व्हनायझिंगमध्ये, म्हणजे जस्ताचा थर देण्यात, मात्र काटकसर नको, इथल्या पावसाळी हवेत उघडे लोखंड लवकर गंजते.

आता तासांचा हिशेब. पुढचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून मानलेले आहेत. पाया, दिवे आणि कृत्रिम हिरवळीसह एका कोर्टला २५ लाख रुपये लागले आणि ते सात वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याला सुमारे ३०,००० रुपये झीज धरावी लागते. बँकेचे व्याज २३,०००, भाडे २५,०००, दोन पाळ्यांच्या माणसांचा पगार ३०,०००, वीज व दुरुस्ती १२,०००. एकूण १,२०,०००. तासाचा दर ८०० ठेवला तर महिन्याला १५० तास, म्हणजे रोज पाच तास विकल्यावर मालक शून्यावर येतो. सकाळी सहा ते रात्री अकरा या सतरा तासांत पाच म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण नोकरदार, दुकानदार, डॉक्टर यांना सवड मिळते ती संध्याकाळी सहानंतर, आणि सहा ते अकरा हेच ते पाच तास. ते रोज भरले तरी नफा नाही! शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र दहाला सुरू होते आणि निवासी भागाची मर्यादा ५५ वरून ४५ डेसिबलवर येते. काचेवर आदळणाऱ्या चेंडूचा आवाज बारीक नसतो. टिळकवाडी, हिंदवाडीसारख्या वस्तीत शेवटचा तास म्हणूनच धरू नये. नफा खरोखर येतो तो सकाळच्या आणि दुपारच्या तासांतून: मुलांचे प्रशिक्षण, गृहिणींचे गट, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कमी दर. ज्याच्याकडे चांगला प्रशिक्षक नाही त्याने कोर्ट घालू नये, असे स्पष्ट म्हणावे लागते.

दुसरे कोर्ट घातले तर पगार वाटला जातो. दोन्हींचा महिन्याचा खर्च २,१०,००० होतो आणि प्रत्येक कोर्टला १३१ तास पुरतात. परंतु एकाच कोर्टची उलाढाल वर्षाला १४.४० लाखांवर थांबली असती, ती आता २५ लाखांवर जाते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आहे २० लाख. १८ टक्के कर ८०० रुपयांतूनच भरायचा तर हातात ६७८ उरतात आणि १३१ चे १५५ तास होतात. खरेदीवरच्या कराची काही वजावट मिळते खरी, तरी दुसऱ्या कोर्टचा फायदा बराचसा इथेच विरतो.

पाऊस हा या भागातला मोठा खर्च. ओल्या काचेवरून चेंडू घसरतो आणि हिरवळ जड होते. जून ते सप्टेंबर निम्मे तास बुडाले तर वर्षाचे ३०० तास, म्हणजे २.४० लाख रुपये गेले. छतासाठी १२ लाख लागले तरी ते पाच वर्षांत फिटतात. बेळगाव, खानापूर भागात छत नसलेले कोर्ट घालणे चूक आहे. अथणी, गोकाक, रायबाग हे पर्जन्यछायेतले तालुके. तिथे छताविना निभावते, पण एप्रिल-मेची दुपार रिकामीच जाते.

बॉक्स क्रिकेटच्या टर्फशी स्पर्धा अटळ आहे. टर्फचे तासाला हजार रुपये बारा जणांत वाटले की डोईला ८३ पडतात, पॅडेलचे ८०० चौघांत वाटले की २००. त्यातही चौथा गडी आला नाही तर बुकिंगच रद्द होते. एकट्या-दुकट्याला जोडीदार मिळवून देणारे गट आणि साप्ताहिक सामने यांवर म्हणूनच जाहिरातीपेक्षा जास्त पैसा खर्च करणे शहाणपणाचे. स्वीडनमध्ये २०२० नंतर सपाट्याने हॉल उभे राहिले आणि दोनेक वर्षांतच दिवाळखोऱ्या सुरू झाल्या. तिथे खेळ नावडता झाला नव्हता, तास गरजेपेक्षा जास्त झाले होते. मध्यम आकाराच्या शहरात हे आणखी लवकर घडू शकते.

सीमेमुळे कागदपत्रेही बदलतात. बेळगाव तालुक्यात पहाणी (जमिनीचा उतारा), एन.ए. (बिगरशेती परवानगी) आणि हेस्कॉम या वीज कंपनीचे मीटर. काही किलोमीटरवर चंदगड तालुक्यातील शिनोळीत सातबारा आणि महावितरण. जीएसटी नोंदणी राज्यवार असल्याने दोन्ही बाजूंना कोर्ट घालणाऱ्याला दोन नोंदण्या लागतात. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावर ६० टक्के कन्नड मजकूर बंधनकारक आहे. उरलेल्या जागेत मराठी लिहिता येते.

भाड्याच्या जागेचा करार हा सर्वांत नाजूक भाग. नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची आपल्याकडे सवय आहे. कोर्टची फेड सात वर्षांची असताना असा करार म्हणजे जागामालकाच्या मर्जीवर २५ लाख ठेवणे. सांगाडा आणि काच बोल्ट काढून हलवता येतात, पाया आणि मुरूम तिथेच राहतात. म्हणून किमान आठ-दहा वर्षांचा नोंदणीकृत करार हवा, आणि मुदतीपूर्वी जागा सोडावी लागल्यास पायाचा खर्च कोणी सोसायचा, हे त्यात आधीच लिहिलेले असावे.