संक्रमणी धातूंची ऑक्साइडे : स्फटिकरचना आणि चुंबकत्व

लोह, मँगॅनीज, कोबाल्ट, निकेल यांच्या ऑक्साइडांचे चुंबकत्व नुसत्या धातूवरून सांगता येत नाही. धातूच्या आयनाभोवती ऑक्सिजन किती व कसे आहेत आणि धातू–ऑक्सिजन–धातू हा कोन किती अंशांचा आहे, हे आधी पाहावे लागते. शेजारच्या आयनांचा चुंबकीय संबंध बहुधा मधल्या ऑक्सिजनमार्फतच जुळतो. निकेल ऑक्साइडात हा कोन १८० अंशांचा असतो. तिथे आयनांची आघूर्णे (प्रत्येक आयन जणू एक छोटा चुंबक; त्याची ताकद व दिशा म्हणजे आघूर्ण) परस्परविरुद्ध लागतात आणि बाहेरून पाहता चुंबकत्व शून्य. कोन ९० अंशांजवळ आला, की संबंध क्षीण होतो व पुष्कळदा समांतर वळतो. गुडइनफ व कानामोरी या शास्त्रज्ञांचे हे नियम आडाखे म्हणूनच वापरावेत. अपवाद बरेच आहेत.

मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचे उदाहरण सर्वांत बोलके. इंदूरकरांच्या ते पायाखालीच आहे : माळव्याच्या काळ्या दगडात, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टात, टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना त्यांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. मॅग्नेटाइटच्या प्रत्येक रेणुसूत्रातील तीन लोह आयनांपैकी एक चार ऑक्सिजनांच्या चतुष्फलकात, तर दोन सहा ऑक्सिजनांच्या अष्टफलकांत बसतात. या दोन गटांची आघूर्णे एकमेकांविरुद्ध असतात. दोन्हींकडील त्रिसंयुजी लोहाची पाच-पाच बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) कटतात आणि अष्टफलकातील द्विसंयुजी लोहाची चार उरतात. प्रत्यक्ष मोजमाप ४.१ च्या आसपास येते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हा हिशेब इतका सरळ आहे, की तो पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यात काहीतरी लपवले आहे असे वाटावे. चुंबकत्व नसलेला टायटॅनियम अष्टफलकात शिरला, की क्यूरी तापमान (ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसे होते) ५८० अंश सेल्सिअसवरून झपाट्याने उतरते.

पेरोव्हस्काइट या स्फटिकरचनेच्या गटातील मँगॅनाइटांत, म्हणजे लँथॅनमसारखा धातू असलेल्या मँगॅनीजच्या ऑक्साइडांत, कोनाचा प्रभाव आणखी उघड दिसतो. लँथॅनमच्या जागी तीस टक्के स्ट्राँशियम घातल्यास पदार्थ सुमारे ३६० केल्व्हिनपर्यंत लोहचुंबकीय राहतो; तेवढेच कॅल्शियम घातले तर २५० च्या आसपासच थांबतो. कॅल्शियमचा आयन लहान असल्याने अष्टफलके कलतात, कोन वाकतो आणि इलेक्ट्रॉनांची ये-जा अवघड होते.

इंदूरला खंडवा रोडवरील यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग) कन्सॉर्शियम या संशोधन संस्थेमध्ये अशा ऑक्साइडांवर संशोधन होते. राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर किरण मिळवणाऱ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी धातू व ऑक्सिजन यांतील अंतरे मोजता येतात.