काचेचं रान: पाहायला येताना, घरी नेताना

काचेच्या पानाफुलांच्या या दालनात अंधार मुद्दाम ठेवला आहे. काचेच्या एका पृष्ठभागावरून जेमतेम 4 टक्के उजेड परत फिरतो, म्हणून पांढऱ्या भिंतीपुढे पारदर्शक पान दिसतच नाही. मागे काळं कापड आणि बाजूने दिवा असला की त्याची कड पेटते. आत आल्यावर दोन-तीन मिनिटं दाराशीच थांबा, नजर सरावू द्या. एका वेळी 8 जण सोडतो. वाट अडीच फुटांची आहे, पदर-ओढणी खोचून घ्या आणि पाठीवरची सॅक बाहेर ठेवा. वस्तू हातापेक्षा सॅकच्या धक्क्यानेच जास्त फुटतात. लाईट गेली तर जागचे हलू नका, बॅटरीवरचे दिवे लागतात.

पळसाच्या फांदीवर पानं नाहीत, ती विसरलेली नाहीत. फूल येतं तेव्हा झाड उघडंच असतं. पानं तीन, पण फुलाला पाकळ्या पाच: मागे वळलेली एक, बाजूंच्या दोन, आणि दोन जुळून झालेली चोच. ती चोच गॅस-ऑक्सिजनच्या ज्योतीत शेवटी लावतो, आधी लावली तर बाजूच्या पाकळ्या बसवताना वितळून वाकते.

पुढे सागाचं जाळीदार पान आहे. पावसाळ्यात अळी हिरवं खाऊन शिरा सोडते, तेच. काचेची भुकटी चाळणीने पसरून, टोकदार काडीने शिरांमधली जागा मोकळी करून भट्टीत सुमारे 700 अंशांपर्यंत नेतो. थोडं जास्त झालं की जाळी आखडून थेंबाथेंबाची होते, कमी झालं की बोट लागताच झडते. मग साच्यावर ठेवून 650 च्या आसपास वाकवतो. कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवाच्या थेंबांत डोकावून बघा, समोरचा माणूस उलटा दिसेल.

लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी 1887 ते 1936 या काळात हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेच्या वनस्पती घडवल्या. त्यातल्या सुरुवातीच्या बऱ्याचशा वरून रंगवलेल्या होत्या. आमच्या वस्तूंत रंग काचेतच आहे, उन्हाने विटत नाही. निळा कोबाल्टचा, केशरी कॅडमियम-सेलेनियमचा. कॅडमियम विषारी, आणि आंबटाने ते काचेतून उतरू शकतं, म्हणून केशरी वाटीत लोणचं, लिंबू ठेवू नका, ती शोभेचीच.

आता मुख्य गोष्ट. काच उष्णतेने नव्हे, गरम-गार फरकाने फुटते. बाहेरचा थर आधी थंड होतो, आतला मागे राहतो, आणि तो ताण काचेत अडकतो. तो राहू नये म्हणून ज्योतीवर घडवलेली बोरोसिलिकेटची (उष्णतेने कमी फुगणाऱ्या काचेची) वस्तू भट्टीत 565 अंशांवर धरून हळूहळू थंड करतो. मधेच लाईट गेली तर सगळं पुन्हा, मग वस्तू एक दिवस उशिरा मिळते. त्यात घाई करायला सांगू नका. ताण राहिलाय का, हे घरीही कळतं: लॅपटॉपचा पांढरा पडदा, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल, पडदा काळा पडेपर्यंत मान तिरकी करा आणि मधे वस्तू धरा. उजळ पट्टे दिसले तर परत आणा, बदलून देऊ.

मे महिन्याच्या 46 अंशांनी काचेचं काही होत नाही. मात्र खिडकीत तापलेल्या जाड वस्तूवर कुलरचं गार पाणी उडालं, तर तडा जाऊ शकतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात, राखेने घासू नका.

नेताना कोरडं तणस किंवा चुरगळलेला कागद वापरा. कापूस आपल्याकडे घरोघरी, पण तो नको: तंतू पाकळीत गुंततात आणि ओढताना टोक मोडतं. एसटीत खोकं वरच्या रॅकवर न टाकता मांडीवर घ्या.

जुनी बाटली किंवा बांगडी आमच्या फुलाला जोडून मागतात. ते होत नाही. 10 सेंटिमीटरची काडी 500 अंशांनी थंड होताना बाटलीची काच सुमारे 0.45 मिलिमीटर आखडते, बोरोसिलिकेट 0.16 च. सांधा आज टिकेल, उद्या सुटेल.

फूल मोडलं तर सगळे तुकडे डब्यात भरून आणा. फेव्हिक्विक लावून आणू नका, ज्योतीत तो जळतो आणि काळा डाग सांध्यात कायमचा राहतो.