वाहनतळ बांधला की रस्ता मोकळा होतो?

गावातल्या मध्यवस्तीत गाड्यांची कोंडी झाली की एकच मागणी होते: बहुमजली वाहनतळ बांधा, गाड्या तिकडे जातील. वर्षानुवर्षे चालत आलेला हा समज मुंबईनेच खोटा पाडला आहे.

मुंबई महापालिकेने बिल्डरांना जादा चटईक्षेत्र (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बांधकामाची परवानगी) देऊन सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले. तरी त्यातले बरेच वाहनतळ रिकामे आणि खालचा रस्ता दुतर्फा गाड्यांनी भरलेला, असे चित्र राहिले. शेवटी जुलै 2019 मध्ये वाहनतळापासून 500 मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांना हजारो रुपयांचा दंड लावायची वेळ आली. जागा होती, मग गाडी रस्त्यावरच का? कारण रस्ता फुकट. दुकानाच्या दारात पैसे न देता गाडी लागत असेल तर रॅम्प चढून तिसऱ्या मजल्यावर कोण जाईल? (आपणही जाणार नाही, खरं सांगायचं तर.)

शिवाय रॅम्प आणि मार्गिका धरल्या तर वाहनतळात एका मोटारीला साधारण 25 ते 30 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे मुंबईतल्या छोट्या घराएवढी.

सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून वेगळा प्रयोग केला. गर्दीच्या रस्त्यावर पार्किंग मीटरचा, म्हणजे गाडी लावण्याचा, दर वाढवला, ओस भागात उतरवला, पालिकेच्या वाहनतळांचे दरही मागणीप्रमाणे बदलले. आपल्याकडे मात्र दर वाढवायचा म्हटला की नगरसेवकांना निवडणूक आठवते, आणि वाहनतळाचा नारळ फोडणे सोपे पडते.