दुर्बिणीतला पांढुरका डाग: दीर्घिकांची ओळख

दुर्बीण नेल्यावर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच ग्राहकांकडून एक प्रश्न हमखास येतो. “देवयानी दीर्घिका लावली, पण नुसता पांढुरका डाग दिसतोय. भिंगात दोष आहे का?” भिंग चांगलं आहे. तो डाग हीच दीर्घिका. फोटोतले रंग आणि वळसे हा कॅमेऱ्याने बराच वेळ साठवलेला प्रकाश असतो; डोळ्याला तसा साठवता येत नाही. पण आपण नेमकं काय पाहतोय हे ठाऊक असेल, तर त्याच डागापुढून उठवत नाही. म्हणून दुर्बिणीसोबत हे पत्रक देतो.

आधी नावाचा घोळ सोडवू. बोलताना आपण सगळ्यांनाच ‘आकाशगंगा’ म्हणतो, पण ते आपल्या दीर्घिकेचं नाव. तारे, वायू, धूळ आणि न दिसणारं कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणाने एकत्र धरून ठेवलेलं असतं, ती दीर्घिका. आपली सुमारे १ लाख प्रकाशवर्षे रुंद आहे आणि तिच्यात १०० अब्जांहून जास्त तारे आहेत. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. नुसत्या डोळ्यांना सुटे सुटे दिसणारे सगळे तारे याच घरातले.

देवयानीतला डाग मात्र घराबाहेरचा. हे ठरायला १९२३ साल उजाडलं. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी माउंट विल्सन वेधशाळेत घेतलेल्या फोटोच्या काचेवर एका ठिपक्याला नवतारा (अचानक उजळणारा तारा, इंग्रजीत ‘नोव्हा’) समजून ‘एन’ लिहिलं होतं. तो ठरावीक काळाने कमी-जास्त तेजस्वी होतो हे लक्षात आल्यावर त्यांनी ते खोडून ‘व्हार!’, म्हणजे रूपविकारी तारा, असं लिहिलं. अशा ताऱ्यांचा तेजबदलाचा काळ आणि खरं तेज यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच शोधून ठेवला होता, त्यामुळे अंतर काढता आलं. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. आमच्या मते त्या काचेवरची खाडाखोड ही खगोलशास्त्रातली सर्वांत सुंदर दुरुस्ती आहे.

१९२६ मध्ये हबल यांनी दीर्घिकांची आकारावरून विभागणी केली, तीच आजही वापरात आहे.

सर्पिल दीर्घिका चपट्या तबकडीसारख्या. मध्ये फुगीर भाग आणि भोवती वळसे घेत गेलेले हात. हातांमध्ये वायू दाटतो, तिथे नवे तारे जन्मतात आणि त्यातल्या तापलेल्या निळ्या ताऱ्यांमुळे हात उठून दिसतात. हात म्हणजे ताऱ्यांच्या कायमच्या रांगा नव्हेत. अनेक दीर्घिकांत ती दाटीची लाट असते आणि तारे तिच्यात शिरून पुढे निघून जातात. मध्यातून ताऱ्यांचा आडवा पट्टा गेला असेल तर ती दंडयुक्त सर्पिल. आपली आकाशगंगा अशीच आहे.

लंबवर्तुळाकार दीर्घिका गुळगुळीत. हात नाहीत, वायू फार थोडा, तारे बहुतेक म्हातारे आणि तांबूस. दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळून अशी एक बनू शकते. कन्या राशीतली एम ८७ याच प्रकारची. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं चित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

भिंगाकार दीर्घिकांना तबकडी असते, पण हात नसतात. कुठल्याच साच्यात न बसणाऱ्या त्या अनियमित, जशा दक्षिण आकाशातल्या मॅगेलनच्या ढगांच्या जोडीतला लहान ढग.

आता प्रत्यक्ष बघण्याचं. चंद्र नसलेली रात्र निवडा आणि अर्धा तास मोबाइलकडे बघू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. सर्वांत कमी वर्धनाची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावा, कारण देवयानी आकाशात चंद्रापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. वर्धन वाढवलं की ती फिकी पडते. थेट रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवा. कडेच्या नजरेला मंद प्रकाश जास्त कळतो, आणि डाग हळूहळू लांबट होत जातो.

तो लांबट झाला की त्याच्या तेजस्वी गाभ्याजवळ नीट पाहा. तिथे फोकस चुकल्यासारखा एक बारीक, गोल तारा दिसेल. फोकसचा स्क्रू फिरवू नका. ती एम ३२, देवयानीची छोटी लंबवर्तुळाकार सोबतीण.